वाचक विचारतात : डेन्मार्कच्या शिक्षिका आणि दारूविरोधी चळवळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कमध्ये शाळा चालवणाऱ्या आणि दारूविरोधात काम करणाऱ्या स्त्रियांबद्दल आलेल्या प्रश्नांतले काही या वेळी घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एका डॅनिश शिक्षिकेवर टिपण लिहिते आहे. हाती आलेल्या लेखात म्हटलं आहे की, १८५६ मध्ये अठराव्या वर्षी तिने शिक्षिकेची परीक्षा दिली, गावच्या शाळेत नोकरी धरली आणि नवऱ्याचा विरोध असूनही १८७० पासून स्वतःच्या पगारातून दारूविरोधी काम उभं केलं. यावर विसंबून राहू का?

राहू नका. लेखातली तिन्ही विधानं कायद्यांच्या सालांपाशी अडतात.

डेन्मार्कमध्ये स्त्रियांसाठी शिक्षिकेची परीक्षा १८५९ च्या कायद्यामुळे सुरू झाली. त्यामुळे १८५६ मध्ये ती देणं शक्यच नव्हतं. याचा अर्थ तोवर स्त्रिया शिकवत नव्हत्या असा नाही. पाद्र्यांच्या आणि मोठ्या शेतमालकांच्या घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या गृहशिक्षिका होत्या, शहरांत खाजगी कन्याशाळाही होत्या. नाताली झाहले यांनी कोपनहेगनमधलं आपलं काम १८५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हाती घेतलं होतं. तेव्हा तुमच्या बाई १८५६ मध्ये गृहशिक्षिका असतील आणि परीक्षा त्यांनी नंतर कधीतरी दिली असेल, ही शक्यता मोठी. मूळ नोंदीत नुसतं ‘शिक्षिका’ असतं आणि ‘परीक्षा उत्तीर्ण’ हे शब्द पुढच्या लेखकाने भरीला घातलेले असतात.

दुसरं, अठराव्या वर्षी ती कायद्याने सज्ञान नव्हती. १८५७ च्या कायद्याने अविवाहित स्त्रीला २५ व्या वर्षी सज्ञान मानलं. त्याआधी वय कितीही असलं तरी व्यवहाराला पालक लागत असे. त्यामुळे करारनाम्यावर वडिलांची किंवा भावाची सही दिसली, तर त्यावरून घरातल्या दडपणाची कहाणी रचू नये. तो त्या काळचा कायदाच होता.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. लग्न झालेल्या स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला तो १८८० मध्ये. फ्रेडरिक बायर यांनी संसदेत तो कायदा लावून धरला होता; १८७१ मध्ये डॅनिश महिला संघ स्थापन करणारं मॅथिल्डे आणि फ्रेडरिक बायर हे जोडपं ते हेच. त्याआधी बायकोची मजुरी असो वा पगार, कायद्याने ती नवऱ्याच्या ताब्यात. १८७० मध्ये विरोधात उभ्या असलेल्या नवऱ्याला डावलून ‘स्वतःच्या पगारातून’ काम उभं करणं म्हणूनच जवळजवळ अशक्य. दारुड्याच्या बायकोसाठी १८८० चा हा छोटासा कायदा शंभर व्याख्यानांपेक्षा जास्त कामाचा होता, असं आमचं मत आहे. चळवळीच्या इतिहासात मात्र त्याला जागा मिळते ती एखाद्या ओळीची.

पडताळणीसाठी आणखी काही सालं हाताशी ठेवा. १८१४ : सक्तीचं शिक्षण. १८७५ : कोपनहेगन विद्यापीठ स्त्रियांना खुलं. १८९९ : विवाहित स्त्री सज्ञान. १९०३ : चर्चच्या ग्राममंडळांत मताधिकार. १९०८ : नगरपालिका आणि ग्रामपरिषदांत मताधिकार. १९१५ : संसदेसाठी मताधिकार. १९१९ : सरकारी नोकरीत समान पगार, पण कुटुंबप्रमुखाला मिळणारा भत्ता वेगळा, त्यामुळे हातात पडणारी रक्कम सारखी नव्हती. १९२१ : जवळपास सगळ्या सरकारी पदांवर समान प्रवेश.

प्रश्न : अशा एखाद्या फारशा प्रसिद्ध नसलेल्या शिक्षिकेची माहिती मुळापासून शोधायची तर कोणत्या क्रमाने जावं? डॅनिश जुजबी येतं.

जुजबी डॅनिश पुरेल. भाषेपेक्षा हस्ताक्षर जास्त छळतं. डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने चर्चच्या नोंदवह्या आणि जनगणना स्कॅन करून मोफत खुल्या केल्या आहेत, त्यामुळे घरबसल्या बरंच काम होतं.

सुरुवात मृत्यूपासून करावी आणि मागे जावं. मृत्यूच्या नोंदीत वय, जन्मगाव, व्यवसाय आणि बहुतेकदा आईवडिलांची नावं असतात. जन्मापासून सुरुवात केली, तर एकाच परगण्यात एकाच दशकात जन्मलेल्या पाच-सहा आने मारी येन्सेन समोर उभ्या राहतात आणि त्यांतली आपली कोणती ते कळत नाही. नाव हा डॅनिश संशोधनातला सर्वांत कच्चा दुवा आहे. खेड्यात पूर्वी वडिलांच्या नावावरून मुलीचं आडनाव पडे, येन्सची मुलगी ती येन्सडॅटर. १८२८ च्या आदेशाने कायम आडनाव ठेवायला सांगितलं, पण खेड्यांनी ते सावकाशीने घेतलं. त्यामुळे एकच मुलगी बाप्तिस्म्याच्या नोंदीत येन्सडॅटर, धर्मदीक्षेच्या यादीत येन्सेन आणि पुढे १९०४ च्या नामकायद्याचा फायदा घेऊन गावाच्या नावावरचं आडनाव लावणारी, अशी तीन नावांनी सापडू शकते. ओळख पटवायची ती जन्मतारीख, जन्माचा परगणा आणि आईचं नाव या तीन गोष्टी एकत्र जुळल्यावरच. दोन जुळल्या आणि तिसरी जुळली नाही तर थांबा.

मग चर्चची नोंदवही. १८१४ पासून तिच्या दोन प्रती ठेवल्या जात : एक पाद्र्याकडे, दुसरी चर्चचं काम पाहणाऱ्या सेवकाकडे. हा सेवक बहुधा गावचा शिक्षकच असे. आगीत दोन्ही एकदम जाऊ नयेत म्हणून त्या रात्री एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, असा नियम होता. तुम्हाला याचा फायदा असा, की एका प्रतीतलं अक्षर लागलं नाही तर दुसरी उघडता येते. शिक्षकाचं अक्षर पाद्र्यापेक्षा बरेचदा सुवाच्य. दोन प्रतींत तारीख वेगळी असेल तर दोन्ही टिपून ठेवा. जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख यांची अदलाबदल हे त्याचं नेहमीचं कारण.

धर्मदीक्षेची यादी अजिबात सोडू नका. साधारण चौदाव्या-पंधराव्या वर्षीची ही नोंद असते. तीत मुलीचं ज्ञान आणि वर्तन यांबद्दल पाद्र्याचा शेरा असतो, देवीची लस टोचल्याची तारीखही असते. पुढे शिक्षिका झालेल्या मुलीबद्दल समकालीनाने लिहिलेलं पहिलं मत बहुधा इथेच भेटतं. शेऱ्याचा अर्थ लावताना त्या पानावरच्या बाकीच्या मुलांचे शेरेही पाहावेत. काही पाद्री सगळ्यांनाच ‘फार चांगले’ देत, काही कुणालाच नाही.

तारखांत दोन खड्डे आहेत. जुन्या नोंदींत महिन्याच्या जागी ७ चा आकडा आणि त्याला चिकटून ‘बर’ असेल, तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. त्याच पद्धतीने ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि १० म्हणजे डिसेंबर. दुसरा खड्डा म्हणजे काही नोंदींत तारीखच नसते, ‘त्रिमूर्तीच्या सणानंतरचा तिसरा रविवार’ असं असतं. तो सण ईस्टरवर अवलंबून, म्हणून दर वर्षी हलतो. त्या वर्षीच्या ईस्टरची तारीख काढून मोजावं लागतं.

जनगणना १८४० पासून दर पाच वर्षांनी झाली, १८६० नंतर दर दहा वर्षांनी. पुढे १९०१, १९०६, १९११, १९१६ आणि १९२१ या वर्षांच्या आहेत. १८४५ पासून जन्मस्थान लिहिलेलं असतं. स्त्रीच्या व्यवसायाचा रकाना मात्र फसवा. लग्न झालेली शिक्षिका दिवसभर वर्ग घेत असली तरी तिच्यापुढे ‘त्याची बायको’ एवढंच येतं. म्हणून जनगणनेत व्यवसाय दिसला नाही, यावरून ती शिकवत नव्हती असा निष्कर्ष काढू नये.

ती कोपनहेगनला राहिली असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे. १८९० ते १९२३ या काळात पोलिसांनी शहरातल्या रहिवाशांची नोंदपत्रं ठेवली होती. विवाहित स्त्री नवऱ्याच्या पत्रावर असते, पण एकट्या स्त्रीचं पत्र स्वतंत्र असतं आणि त्यावर बदललेले सगळे पत्ते तारखेसकट येतात. अविवाहित शिक्षिकेचा माग नेमका इथे सगळ्यांत सोपा. पत्त्यातल्या मजल्याकडे लक्ष द्या : पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, तळघराची वेगळी खूण, आणि जिन्याच्या डावीकडचं की उजवीकडचं घर हेही लिहिलेलं असतं. रस्त्याकडची इमारत की मागच्या अंगणातली, हाही भेद नोंदलेला असतो. रस्त्याकडच्या दुसऱ्या मजल्यावरून मागच्या अंगणातल्या चौथ्या मजल्यावर गेलेली बाई कोणत्या आर्थिक स्थितीत होती, हे वेगळं सांगायला लागत नाही.

नोकरीचा भाग सापडतो शाळा समितीच्या इतिवृत्तांत. खेड्यांतल्या शाळांवर १९३३ पर्यंत चर्चची देखरेख होती आणि समितीत पाद्री असे. नेमणूक, रजा, शाळेची खोली दारूविरोधी सभेला द्यायची की नाही यावरची भांडणं, सगळं तिथे. वर्तमानपत्रांच्या स्कॅनमध्ये शोध घेताना शब्द दोन्ही प्रकारे लिहून पाहा, कारण १९४८ च्या सुधारणेने दोन ‘ए’ जोडून लिहिण्याऐवजी डोक्यावर वर्तुळ असलेलं एक अक्षर आणलं. हे अक्षर डॅनिश वर्णमालेत अगदी शेवटी येतं. सूचीत ऑरहूस पहिल्या पानावर शोधत बसू नका, ते शेवटच्या पानावर आहे. शिवाय जुन्या काटेरी छपाईत ‘एस’ आणि ‘एफ’ सारखे दिसतात आणि यंत्र ते उलटसुलट वाचतं.

दक्षिण जटलंडच्या उत्तर श्लेस्विग भागात हा क्रम थोडा बदलतो. १८६४ च्या युद्धानंतर १९२० पर्यंत तो भाग प्रशिया या जर्मन राज्याकडे होता. १८७४ पासून तिथे जन्म, लग्न आणि मृत्यूच्या सरकारी नोंदी वेगळ्या, जर्मन भाषेत आहेत. डॅनिश जनगणनेत तुमची मुलगी १८६० ला दिसते आणि १८७० ला गायब होते, तेव्हा ती मेली किंवा परदेशी गेली असं धरण्याआधी तिचं गाव सरहद्दीच्या कोणत्या बाजूला होतं ते नकाशात पाहा.

प्रश्न : ‘तिने आस्कोव्हच्या लोकशाळेतून पदवी घेतली’ हे वाक्य बरोबर आहे का?

नाही. डॅनिश पाद्री आणि विचारवंत ग्रुंटविग यांच्या विचारांतून निघालेल्या, खेड्यातल्या तरुण-तरुणींसाठीच्या या लोकशाळांत परीक्षा नव्हती, गुण नव्हते आणि पदवीही नव्हती. पहिली शाळा रोडिंगला १८४४ मध्ये निघाली. हा भाग प्रशियाकडे गेल्यावर तिचं काम सरहद्दीच्या अलीकडे, आस्कोव्हला, १८६५ मध्ये नव्याने सुरू झालं. शेतीच्या कामातून मोकळीक मिळे तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, पाच महिने तरुणांचे वर्ग. मे ते जुलै, तीन महिने तरुणींचे. मुलींच्या वाट्याला दोन महिने कमी आले याचं कारण हंगामात शोधलं जातं. आम्हाला ते अपुरं वाटतं. क्रिस्टेन कोल्ड या लोकशाळेच्या शिक्षकांनी १८६० च्या दशकात मुलींसाठी उन्हाळी वर्ग घेतले आणि ती पद्धत सगळीकडे पसरली. आस्कोव्हच्या वाढीव अभ्यासक्रमात स्त्रियांना पुरुषांबरोबर बसता आलं ते १८८५ पासून.

लोकशाळेत राहून आलेल्या मुलीला सरकारी शिक्षिका व्हायचं असेल, तर शिक्षिकेची परीक्षा वेगळी द्यावीच लागे. तुमच्या वाक्यात ‘पदवी घेतली’ ऐवजी ‘अमुक उन्हाळी वर्गाला होती’ असं करा.

प्रश्न : दारूविरोधी संघटनांची नावं वाचून गोंधळ होतो. सभासद बीअर पीत असत, असंही वाचलं. मग ही कसली प्रतिज्ञा?

चार नावं वेगळी ठेवली की गोंधळ मिटतो. १८७९ पासून उभी राहिलेली डेन्मार्कची मद्यत्याग संघटना ही सगळ्यांत व्यापक, गावोगावी शाखा असलेली. १८८० मध्ये आलेला गुड टेम्प्लर संघ अमेरिकी मुळाचा. त्याचा कारभार लॉजमधून, म्हणजे स्थानिक शाखांतून चाले, पदं आणि विधी असत, आणि स्त्रियांना सुरुवातीपासून पुरुषांच्या बरोबरीने सभासदत्व आणि पदं मिळत. १८८८ ची ‘पांढरी फीत’ ही स्त्रियांची संघटना, अमेरिकेत १८७४ मध्ये सुरू झालेल्या ख्रिस्ती महिला मद्यत्याग संघाची शाखा. डेन्मार्कमध्ये तिच्या सुरुवातीच्या नेत्या एलिझाबेथ सेल्मर. चौथा ‘निळा क्रॉस’, मूळ १८७७ चा स्वित्झर्लंडमधला, डेन्मार्कमध्ये १८९५ पासून. त्याचा रोख व्यसनात अडकलेल्या माणसाला बाहेर काढण्यावर. त्याची प्रतिज्ञा ठरावीक मुदतीसाठी घेता येई आणि मुदत संपली की पुन्हा घेता येई. जन्मभराचं वचन पहिल्याच महिन्यात मोडलं की माणूस सभेकडे फिरकत नाही. सहा महिन्यांचं मोडलं तर परत येण्याची वाट राहते. म्हणून एखादी शिक्षिका ‘मद्यत्याग संघटनेत होती’ एवढं लिहून भागत नाही, कोणत्या ते सांगावं लागतं. कामाची पद्धत त्यावरून ठरते.

आता बीअर. १८९१ मध्ये डेन्मार्कने बीअरवर कर बसवला; त्याच वर्षीच्या वृद्धांना मदत देण्याच्या कायद्याचा खर्च भागवण्यासाठी. पण वजनाने २.२५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली सौम्य बीअर करातून वगळली. घरोघर जेवणाबरोबर घेतली जाणारी गोडसर पांढरी बीअर या हद्दीत बसे आणि डॅनिश चळवळीतल्या पुष्कळांनी तिला प्रतिज्ञेच्या बाहेर ठेवलं. कडवे सभासद यावर संतापत.

इथे आकड्याची एक चूक सर्रास होते. २.२५ टक्के हे वजनाने आहेत, आजच्या बाटलीवर असतात तसे आकारमानाने नाहीत. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, दर मिलिलिटरला ०.७९ ग्रॅम, म्हणून आकारमानाने तो आकडा सुमारे २.८ होतो. ३३० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण साडेसात ग्रॅम अल्कोहोल आलं. आज डेन्मार्कमध्ये मद्याचं एक माप १२ ग्रॅमचं धरतात, ४.६ टक्क्यांच्या त्याच आकाराच्या बाटलीत ते बरोबर भरतं. तेव्हा सौम्य बीअर म्हणजे काही पाणी नव्हे. दोन बाटल्या घेणाऱ्या ‘मद्यत्यागी’ माणसाच्या पोटात एका नेहमीच्या बीअरपेक्षा जास्त अल्कोहोल जाई.

प्रश्न : त्या काळच्या मद्यविरोधी धड्यांत अंड्याच्या पांढऱ्यावर दारू ओतून दाखवत. मी वर्गात करून पाहिला, काहीच झालं नाही. का?

बहुधा तुम्ही बीअर किंवा वाइन वापरली. हा प्रयोग अमेरिकेतल्या मद्यविरोधी पाठांतून जगभर गेला आणि तो जमतो तो तीव्र अल्कोहोलवरच.

एका अंड्याचं पांढरं, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, काचेच्या पेल्यात घ्या. त्यावर तेवढंच किंवा दुप्पट ९० टक्क्यांचं स्पिरिट हळूहळू ओता. लगेच पांढऱ्या गुठळ्या आणि धागे तयार होतात. कारण अल्कोहोल प्रथिनाभोवतीचं पाणी ओढून घेतं आणि त्याच्या घड्या उलगडतात. उष्णतेने अंडं शिजतं तेव्हा हेच होतं. ४५ टक्क्यांच्या दारूने काम होतं पण सावकाश, आधी नुसता गढूळपणा येतो. ५ टक्क्यांच्या बीअरने काहीच दिसत नाही. पांढरं फेटलेलं असेल तर फेसामुळे फरक कळत नाही, म्हणून फेटू नका. स्पिरिट ज्वालाग्राही आहे. जवळ ज्योत नको, आणि पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेलं औद्योगिक स्पिरिट विषारी असतं, तेव्हा पेल्यातलं सगळं टाकूनच द्यायचं.

प्रयोग खरा असला तरी त्यातून काढला जाणारा निष्कर्ष खोटा होता. ‘तुमच्या मेंदूचं आणि पोटाचं असंच होतं’ असं मुलांना सांगत. रक्तात अल्कोहोल अर्धा टक्का झालं तरी माणूस मरू शकतो. त्या प्रमाणात प्रथिनं अशी गोठत नाहीत. दारूने यकृत आणि मेंदू बिघडतात ते वेगळ्या मार्गांनी, वर्षानुवर्षं. वर्गातल्या एखाद्या चलाख मुलाने घरी बीअर ओतून पाहिली की बाईंचा सगळाच धडा खोटा ठरे. प्रयोग करायचाच असेल तर प्रथिनांचा गुणधर्म म्हणून करा.

प्रश्न : डेन्मार्कमध्ये दारू कमी झाली ती चळवळीमुळे की करामुळे?

आकड्यांत दिसणारी मोठी घसरण करामुळे. चळवळीचं श्रेय आहे, पण ते दुसऱ्या जागी.

फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मनीने पाणबुड्यांचं सरसकट युद्ध पुकारलं आणि डेन्मार्कची धान्य आणि पशुखाद्याची आयात कोसळली. देश तटस्थ होता, पण उपासमारीचा धोका खरा होता. धान्य आणि बटाटे दारू गाळण्यासाठी वापरायला बंदी आली. मिकेल हिनहेडे या आहारतज्ज्ञ डॉक्टरांचं म्हणणं होतं की, डुकरं आणि भट्ट्या माणसांचं धान्य खातात. तेव्हा डुकरं कमी करा आणि दारू आवरा. त्याच वर्षी दारूवरचा कर असा वाढला की, ९० ओरेला मिळणारी बाटली ११ क्रोनला झाली. क्रोनचे १०० ओरे. म्हणजे जुन्या हिशेबाने एका बाटलीच्या पैशात बारा बाटल्या आल्या असत्या. बीअरवरही कर वाढला, पण कितीतरी कमी.

दोन वर्षांत दरडोई मद्यसेवन सुमारे तीन चतुर्थांशांनी घटलं. दारू तुटल्यावर होणाऱ्या कंप-भ्रमाच्या रुग्णांची संख्या तेराव्या हिश्श्यावर आली, जुनाट मद्यासक्तीने होणारे मृत्यू सहाव्या हिश्श्यावर. मद्यनीतीच्या अभ्यासात हे उदाहरण आजही दिलं जातं.

हे वाचताना दोन गोष्टी सांभाळा. एक, त्या काळात आहारही बदलला होता, मांस कमी आणि धान्य-भाजी जास्त. म्हणून एकूण मृत्युदरातली सगळी घट दारूच्या खात्यावर टाकता येत नाही. कंप-भ्रमाचा आकडा मात्र थेट दारूचाच आहे. दोन, लोक पिणं सोडून बसले नाहीत. युद्ध संपल्यावरही तीव्र दारूवरचा भारी कर राहिला आणि देश गाळलेल्या दारूकडून बीअरकडे वळला. आज डेन्मार्क म्हटलं की बीअर आठवते, त्यामागे कार्ल्सबर्ग या बीअर कंपनीइतकाच या कराचा हात आहे.

चळवळीचं श्रेय आम्ही असं मांडू : चाळीस वर्षं गावोगावी सभा झाल्या नसत्या, कॉफी मिळणारी दारूमुक्त विश्रामगृहं उभी राहिली नसती, तर बारा पट किंमत लोकांनी इतक्या निमूटपणे सोसली असती का? गुत्त्याशिवाय बसायला जागा आहे, हे खेड्यांना आधीच माहीत झालं होतं.

प्रश्न : स्त्रियांना मत मिळाल्यामुळे हा कर आला, असं एका व्याख्यानात ऐकलं.

सालं उलटी लागली आहेत. संसदेसाठी मताधिकार ५ जून १९१५ च्या राज्यघटनेने दिला, पण स्त्रियांनी संसदेसाठी पहिल्यांदा मत टाकलं ते एप्रिल १९१८ मध्ये. कर १९१७ चा. तो मंजूर करणाऱ्या संसदेत एकही स्त्री नव्हती. १९१८ ला फोल्केटिंग या सभागृहात चौघी निवडून आल्या : कारेन आंकरस्टेड, मॅथिल्डे माल्लिंग हाउशुल्ट्स, हेल्गा लार्सेन आणि एल्ना मुंक.

स्त्रियांच्या मताचा परिणाम शोधायचा तर तो एक पायरी खाली शोधा. १९०८ च्या कायद्याने कर भरणाऱ्या स्त्रियांना आणि करदात्यांच्या पत्नींना स्थानिक निवडणुकीत मत मिळालं, आणि मार्च १९०९ मध्ये १२७ स्त्रिया स्थानिक परिषदांवर निवडून गेल्या. गुत्त्यांचे परवाने, शाळेचा खर्च, गरिबांना मदत, हे सगळे विषय तिथेच येत. तुमच्या अभ्यासातली शिक्षिका १९०९ नंतरही त्या गावात असेल, तर परिषदेचं इतिवृत्त उघडायलाच हवं.

प्रश्न : डेन्मार्कमध्ये पूर्ण दारूबंदी कधी होती का?

नाही. फिनलंड (१९१९–१९३२), नॉर्वे आणि आइसलंड यांनी ती करून पाहिली. स्वीडनने १९२२ च्या सार्वमतात थोडक्या फरकाने नाकारली. डॅनिश राजवटीखालच्या फेरो बेटांवर मात्र १९०७ मध्ये मतदान झालं, त्यात स्त्रियांनाही मत होतं, आणि तिथे दारूविक्री बंद झाली. ती विक्री सरकारी दुकानांतून पुन्हा सुरू व्हायला १९९२ उजाडलं.

प्रश्न : भारतात येऊन काम केलेली कुणी डॅनिश शिक्षिका आहे का?

आने मारी पेटरसेन. १९०९ मध्ये मिशनच्या कामासाठी त्या तमिळ प्रदेशात आल्या. १९१७ मध्ये एस्थर फेरिंग या सहकारी बाईंसोबत त्यांनी गांधीजींचा अहमदाबादचा आश्रम पाहिला, पुढे मिशनपासून वेगळ्या झाल्या आणि परंगीपेट्टई, तेव्हाचं पोर्टो नोव्हो, इथे मुलींची राष्ट्रीय शाळा काढली. तिची कोनशिला १९२१ मध्ये गांधीजींनी बसवली. संस्थेचं नाव सेवामंदिर. शिक्षणाची त्यांची कल्पना ग्रुंटविग आणि कोल्ड यांच्या लोकशाळेची होती : मातृभाषा, हाताचं काम, परीक्षेचा बडेजाव नाही. त्यांना दारूविरोधी कार्यकर्ती ठरवणं मात्र ओढूनताणून होईल; त्यांचं मुख्य काम शाळाच.

प्रश्न : जुन्या डॅनिश फोटोत एका बाईच्या छातीवर पांढरी फीत आहे. ही ‘पांढरी फीत’ संघटनेचीच असेल का? फोटोचं साल कसं काढायचं?

नुसत्या फितीवरून सांगता येणार नाही. लग्नसमारंभात, शाळेच्या कार्यक्रमात किंवा दुसऱ्या एखाद्या संघाची म्हणूनही पांढरी फीत लावत. संघटनेची फीत म्हणजे छोटीशी गाठ असे. फोटो १८८८ च्या आधीचा ठरला तर शक्यता संपलीच.

साल काढण्यासाठी आधी पुठ्ठा मोजा. सुमारे ६ बाय १० सेंटिमीटरचा असेल तर तो भेटकार्डाच्या आकाराचा. हा प्रकार १८६० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत चालला. सुमारे ११ बाय १६.५ सेंटिमीटरचा असेल तर कॅबिनेट आकाराचा, १८६६ नंतरचा. पातळ पुठ्ठा आणि काटकोनी कोपरे बहुधा आधीचे. जाड पुठ्ठा, गोल कोपरे, सोनेरी कडा नंतरच्या. मग मागची बाजू पाहा. तिथे स्टुडिओचं नाव आणि पत्ता छापलेला असतो. शहराच्या त्या-त्या वर्षाच्या पत्ता-निर्देशिकेत तो स्टुडिओ त्या पत्त्यावर कोणत्या वर्षी दिसू लागतो आणि कधी हलतो, ते बघा. बहुतेकदा पाच-सात वर्षांचा पट्टा मिळतो. मागे छापलेली पदकांची सालं ही ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतात. छापलेले पुठ्ठे स्टुडिओ संपेपर्यंत वापरत, म्हणून वरची मर्यादा त्यावरून ठरवू नका. बाह्यांचा फुगीरपणा हाही उपयोगी धागा आहे. खांद्यापाशी भोपळ्यासारखी फुगलेली बाही १८९० च्या दशकाच्या मध्यावरची. पण खेड्यातली शिक्षिका चांगला पोशाख दहा वर्षंही वापरी, तेव्हा पोशाख शेवटी पाहावा, पत्ता आधी.